प्लेग, पिसवा आणि परळची प्रयोगशाळा : वाचकांचे प्रश्न

प्लेगच्या संशोधनाविषयी आलेले प्रश्न या अंकात एकत्र घेतले आहेत. सारख्या आशयाची पत्रे जोडून एकच प्रश्न केला आहे. औषधांची मात्रा जिथे दिली आहे ती माहितीसाठी. उपचार डॉक्टरांनीच करायचे.

प्रश्न : उंदीर पडू लागले की अख्खे गाव माळावर झोपड्या बांधून राहायला जायचे, असे आमच्या घरी जुनी माणसे सांगत. यात काही शास्त्र होते, की नुसती भीती? (एक वाचक, फलटण)

शास्त्र होते, आणि त्या काळातल्या कोणत्याही औषधापेक्षा हा उपाय जास्त कामाचा होता. प्लेग हा मुळात उंदरांचा रोग. घरात वावरणारा काळा उंदीर मरतो, त्याचे शरीर थंड पडू लागते आणि अंगावरच्या पिसवा दुसरे गरम शरीर शोधत निघतात. आधी त्यांना दुसरा उंदीर सापडतो. तेही मरून संपले की माणसाची पाळी येते. म्हणूनच उंदीर पडू लागल्यावर साधारण दहा ते चौदा दिवसांनी माणसे आजारी पडायला लागत. एवढ्या अवधीत गाव रिकामे झाले, तर उपाशी पिसवा रिकाम्या घरातच मरत.

हा उपाय फसायचा तो दोन-तीन ठरावीक कारणांनी. गोधड्या, घोंगड्या आणि धान्याची पोती न झटकता बरोबर नेली, की पिसवाही माळावर पोहोचत. घरावर लक्ष ठेवायला कोणी रात्री गावात झोपायला गेला, तर उपाशी पिसवांना तोच एक आयता सापडे. आणि उंदीर पडायचे थांबले म्हणून आठवडाभरातच लोक परतले, तर जमिनीच्या भेगांत आणि बिळांत पिसवा जिवंत असत, कारण थंड, दमट जागी त्या अन्नावाचून काही आठवडे तग धरतात. कडक उन्हात त्या टिकत नाहीत. म्हणून अंथरूण-पांघरूण तापलेल्या जमिनीवर पातळ पसरून, मध्ये उलटून दिवसभर ठेवणे हा खरा उपयोगी भाग होता. घडी घालून ढीग उन्हात ठेवला तर आतल्या पिसवांना काहीच होत नाही.

प्रश्न : मी सूक्ष्मजीवशास्त्राची विद्यार्थिनी आहे. हाफकिन यांनी प्लेगची लस तुपावर वाढवली, असे वाचले. तूप कशासाठी? पूर्ण पद्धत सांगाल का? (नाशिक)

वाल्डेमार हाफकिन १८९६ च्या ऑक्टोबरमध्ये मुंबईत आले. ग्रँट मेडिकल कॉलेजमध्ये त्यांना एक खोली, एक व्हरांडा, एक कारकून आणि तीन शिपाई एवढेच मिळाले. जंतू कोणता हे हाँगकाँगमध्ये येर्सिन यांनी १८९४ मध्ये दाखवलेलेच होते. प्रश्न होता तो लाखो मात्रा पुरतील एवढा जंतू वाढवायचा कसा, हा.

पद्धत अशी. बकऱ्याचे मांस हायड्रोक्लोरिक आम्लात दाबाखाली शिजवून विरघळवायचे, सोडा घालून आम्लता मारायची, गाळून काचेच्या चंबूंत भरायचे आणि निर्जंतुक करायचे. बकऱ्याचेच मांस अशासाठी, की हिंदू आणि मुसलमान दोघांनाही गाय-डुकराची शंका राहू नये. मग रश्श्यावर निर्जंतुक तुपाचे थेंब सोडायचे. कधी त्याऐवजी खोबरेल वापरत. त्यानंतर प्लेगचा शुद्ध जंतू पेरायचा. या जंतूला पृष्ठभागाशी, हवेजवळ आधार मिळाला तर तो जोमाने वाढतो. तरंगणारा तुपाचा थेंब हा तो आधार. थेंबाच्या खालच्या अंगाने वाढ सुरू होते आणि गुहेच्या छताला लोंबणाऱ्या चुन्याच्या सुळक्यांसारखी ती रश्श्यात खाली उतरते. मधला रस्सा स्वच्छ राहतो. चंबूला थोडा जरी धक्का लागला तरी हे सुळके तुटून तळाशी जातात, म्हणून चंबू अगदी स्थिर फळीवर ठेवावे लागत. पुरेशी वाढ झाली की मुद्दाम हलवून ती खाली पाडायची, म्हणजे थेंबांखाली नवे पीक येते. असे पाच-सहा आठवडे चाले.

मग प्रत्येक चंबूतला थेंब अगारवर (जंतू वाढवायच्या जेलीसारख्या माध्यमावर) पसरून दुसरा जंतू शिरलेला नाही ना हे पाहायचे. सुळके न दिसता सगळा रस्सा एकसारखा गढूळ झाला, तर तो चंबू संशयास्पद. शेवटी ६५ ते ७० अंश सेल्सियसला एक तास तापवून जंतू मारायचे आणि जंतुनाशक म्हणून अर्धा टक्का कार्बोलिक आम्ल घालायचे. तापमान कमी पडले तर जिवंत जंतू राहण्याचा धोका, जास्त झाले तर लसीची ताकद घटण्याचा.

१० जानेवारी १८९७ रोजी हाफकिन यांनी पहिली मोठी मात्रा स्वतःला टोचून घेतली : १० घन सेंटिमीटर. पुढे प्रौढांना देत ती मात्रा याच्या साधारण पाव ते तिसरा हिस्सा होती. टोचल्यावर दिवस-दोन दिवस ताप, दंडाला सूज आणि ठणका ठरलेला. जुन्या लोकांच्या आठवणीत टोचणीची जी धास्ती आहे, ती या तापामुळे.

तुमच्या अभ्यासक्रमाच्या दृष्टीने एक गोष्ट लक्षात ठेवा. हा जंतू २८ अंशांच्या आसपास सर्वांत चांगला वाढतो, पण त्याचे एफ-वन नावाचे प्रथिनांचे कवच भरपूर तयार होते ते ३७ अंशांना. मारलेल्या लसीपासून मिळणारे संरक्षण बरेचसे याच कवचाविरुद्धचे असते. म्हणजे कोणत्या तापमानाला वाढवले यावर लसीचा दर्जा ठरतो. हे समजायला पुढची काही दशके लागली. रश्श्यातले सुळके मात्र आजही ओळखीची खूण म्हणून पाठ्यपुस्तकात आहेत. महाविद्यालयाच्या उघड्या टेबलावर हे कधीही करून पाहायचे नाही, कारण हवेत उडालेल्या तुषारांतून फुप्फुसाचा प्लेग होऊ शकतो.

प्रश्न : लस लागू पडते हे त्या काळी कसे ठरवले? आमच्या बडोद्याजवळ काही प्रयोग झाला होता, असे ऐकतो. (एक शिक्षिका, बडोदे)

झाला होता, आणि तो फार विचारपूर्वक आखलेला होता. त्याआधी जानेवारी १८९७ मध्ये भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला, तेव्हा जे कैदी तयार झाले त्यांना लस दिली आणि उरलेल्यांशी तुलना केली. लस घेतलेले कैदी स्पष्टपणे बरे राहिले. पण या तुलनेत एक कच्चा दुवा आहे. आपणहून पुढे येणारी माणसे आणि मागे राहणारी माणसे मुळातच वेगळी असू शकतात. तब्येतीने, वयाने, राहण्याच्या जागेने.

बडोद्यापासून सहा मैलांवरच्या उंडेरा गावात १८९८ मध्ये हाफकिन आणि त्यांचे सहकारी बॅनरमन यांनी ही अडचण अशी सोडवली, की प्रत्येक घरातल्या साधारण निम्म्या माणसांना टोचायचे आणि निम्म्यांना नाही. घर तेच, उंदीर तेच, अन्न तेच. फरक फक्त लसीचा. पुढे ज्या २८ कुटुंबांत प्लेग आला, त्यांतल्या लस घेतलेल्या ७१ जणांपैकी ८ आजारी पडले आणि ३ दगावले. न घेतलेल्या ६४ जणांपैकी २७ आजारी पडले आणि त्यांतले २६ गेले.

हे आकडे वाचताना मन कचरते, कारण उरलेली निम्मी माणसे लसीविना ठेवलेली होती. आज हाच प्रयोग संमती, देखरेख आणि फायदा दिसताच थांबण्याचा नियम यांशिवाय करता येणार नाही, आणि येऊ नये. पण तुलना घरातल्या घरात करायची, ही कल्पना उत्तम होती. चाचण्यांच्या आखणीत ती आजही वापरतात.

प्रश्न : मग हाफकिन यांना नोकरीतून बाजूला का केले? लसीने माणसे मेली होती ना? (कोल्हापूर)

पंजाबातल्या मुलकोवाल गावी ३० ऑक्टोबर १९०२ रोजी १०७ जणांना पाच बाटल्यांतून लस टोचली. त्यांतल्या ‘५३ एन’ या एकाच बाटलीतून टोचलेले १९ जण धनुर्वाताने मरण पावले. बाकीच्या ८८ जणांना काही झाले नाही. चौकशी समितीने ठपका हाफकिन यांच्या मुंबईतल्या परळच्या प्रयोगशाळेवर ठेवला, जिथे ही लस तयार होत असे. हाफकिन यांनी तोवर पद्धत बदलली होती. तुपाच्या रश्श्याऐवजी अगारवर जंतू वाढवून ते पाण्यात घ्यायचे, उष्णतेने मारायचे आणि कार्बोलिक घालायचे नाही, अशी ती नवी रीत होती. कार्बोलिक वगळल्यामुळे दूषित झाले, असा समितीचा निष्कर्ष.

तो निष्कर्ष टिकत नाही, याची कारणे वैद्यकीयच आहेत. धनुर्वाताचा जंतू परळला शिरला असता तर बंद बाटलीत त्याला वाढायला पाच-सहा आठवडे मिळाले असते. मग बाटलीला घाण वास आला असता, आणि आधीच तयार असलेल्या विषामुळे लक्षणे फार लवकर सुरू झाली असती. प्रत्यक्षात लक्षणे आली सुमारे आठवड्याने. म्हणजे बीजाणू (जंतूंचे टणक, सुप्त रूप) शरीरात गेले आणि तिथे वाढले. गावात बाटली उघडताना बूच काढायचा चिमटा जमिनीवर पडला होता. तो ज्योतीत न धरता फक्त कार्बोलिकच्या पाण्यात बुडवून वापरला, हे साक्षीत नोंदलेले आहे. धनुर्वाताचे बीजाणू मातीत असतात, आणि कार्बोलिकच्या सौम्य द्रावणात क्षणभर बुडवून ते मरत नाहीत.

रोनाल्ड रॉस आणि इतर शास्त्रज्ञांनी २९ जुलै १९०७ च्या ‘द टाइम्स’मध्ये सह्यांचे पत्र छापून हे सगळे मांडले, तेव्हा कुठे हाफकिन यांच्यावरचा ठपका दूर झाला. ते पुन्हा भारतात आले, पण कलकत्त्याला, परळला नाही. परळच्या संस्थेला त्यांचे नाव मिळाले १९२५ मध्ये. त्यांच्यावर मोठा अन्याय झाला, असे आमचे स्पष्ट मत आहे.

प्रश्न : पुण्यातल्या प्लेग कमिटीच्या घरझडत्यांना शास्त्राचा आधार होता का? (पुणे)

त्या वेळच्या समजुतीचा होता. बरोबर शास्त्राचा नव्हता. रोग घाणीतून, जमिनीतून आणि माणसाच्या स्पर्शातून येतो असे धरून घरे उघडी पाडली, चुना-कार्बोलिक फवारले, माणसे वेगळी केली. गाठीच्या प्लेगमध्ये रुग्ण उचलून नेल्याने घरातल्या पिसवा कमी होत नाहीत. गटारे जोरात धुतल्याने आणि सामान हलवल्याने उंदीर शेजारच्या आळीत जातात. रँड यांच्या कारभारातला जुलूम आणि अपमान हा आणखी निराळा आणि गंभीर विषय आहे. तो इथे दोन ओळींत बसवणे बरे नाही.

प्रश्न : पिसवाच दोषी आहेत हे सिद्ध कसे केले? हवा, माती, उंदराची विष्ठा हे सगळे वगळले कसे? (एक निवृत्त शिक्षक, रत्नागिरी)

फ्रेंच डॉक्टर पॉल-लुई सिमाँ यांनी जून १८९८ मध्ये कराचीत केलेला प्रयोग साधा होता. मोठ्या काचेच्या बरणीत तळाला वाळू, त्यात पिसवा असलेला प्लेगचा उंदीर. तो मरायला टेकल्यावर जाळीच्या पिंजऱ्यात एक निरोगी उंदीर वरून लटकता ठेवला. आजारी उंदराला त्याचा स्पर्श होणे शक्य नव्हते, पिसवांना मात्र उडी मारून जाता येत होते. काही दिवसांनी वरचा उंदीरही प्लेगने मेला. प्रयोग एकट्याचा आणि लहान. बहुतेकांनी तो मानला नाही.

पक्के उत्तर परळला मिळाले. ग्लेन लिस्टन यांच्या लक्षात आले, की प्लेगच्या घरात गिनीपिग सोडले तर उंदरांच्या पिसवा त्यांच्या अंगावर गोळा होतात. गिनीपिग हा पिसवांचा सापळा झाला. १९०५ मध्ये नेमलेल्या प्लेग संशोधन आयोगाने परळच्या आवारात बाहेरचे उंदीर शिरू शकणार नाहीत अशा लहान खोल्या बांधल्या आणि एकेक शक्यता वेगळी काढली.

पहिल्यांदा पिसवा नसताना आजारी आणि निरोगी गिनीपिग एकत्र ठेवले. ते एकाच भांड्यात खात, एकमेकांच्या मलमूत्रात वावरत, पिल्ले आजारी आईला पीत. रोग पसरला नाही. मग त्याच खोलीत पिसवा सोडल्या, तेव्हा पसरला, आणि पिसवा जितक्या जास्त तितका वेगाने. नंतर उंचीचा प्रयोग. एक पिंजरा जमिनीवर, एक दोन इंच वर, एक दोन फूट वर. जमिनीवरचा आणि दोन इंचांवरचा प्राणी मेला, दोन फुटांवरचा वाचला. हवेतून रोग येत असता तर दोन फुटांनी काय फरक पडला असता? पिसवेची उडी चार-पाच इंचांची, एवढेच त्याचे कारण. शेवटी पिंजऱ्याभोवती सहा इंच रुंदीचा चिकट कागद अंथरला. तो ओलांडता न आल्याने पिसवा त्यावर अडकल्या आणि आतला प्राणी सुरक्षित राहिला.

पिसू चावते म्हणजे नेमके काय होते, हे १९१४ मध्ये लंडनच्या लिस्टर संस्थेतल्या बॅकट आणि मार्टिन यांनी दाखवले. जंतू पिसवेच्या पोटाच्या तोंडाशी चिकट गोळा करून वाट बंद करतात. पिसवेला रक्त आत घेता येत नाही, ती भुकेने पुन्हा पुन्हा चावते, आणि गोळ्यावर आदळलेले रक्त जंतूंसह जखमेत परत येते. उष्णता वाढली की हा गोळा नीट तयार होत नाही. शिवाय कोरड्या उन्हाळ्यात पिसवाही लवकर मरतात. कडक उन्हाळ्यात साथ ओसरायची, त्यामागे या दोन्ही गोष्टी आहेत.

प्रश्न : सावित्रीबाई फुले प्लेगच्या रुग्णाला उचलून आणताना स्वतः आजारी पडल्या, असे शिकवतात. गाठीचा प्लेग माणसापासून माणसाला होतो का? (इयत्ता दहावी, सासवड)

नुसत्या स्पर्शाने होत नाही. पण हडपसरजवळच्या दवाखान्यात प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना संसर्ग व्हायला तीन वाटा होत्या. रुग्णाच्या कपड्यांत, अंथरुणात किंवा त्याच वस्तीत असलेल्या पिसवा, ही सर्वांत नेहमीची. दुसरी, गाठ फुटून आलेला पू हाताच्या चिरेतून शिरणे. तिसरी, जंतू फुप्फुसात पोहोचलेल्या रुग्णाचा खोकला. ही सर्वांत घातक. सावित्रीबाई १० मार्च १८९७ रोजी गेल्या. सिमाँ यांचा प्रयोग त्यानंतर सव्वा वर्षाने झाला. म्हणजे नेमके कशापासून जपायचे, हे जगात कोणालाच सिद्ध करून सांगता येत नव्हते, आणि तरीही त्या रुग्णांपाशी गेल्या. शिक्षकांनी हे वर्गात आवर्जून सांगावे.

प्रश्न : आमच्या गोदामात मध्येच बरेच उंदीर मेलेले सापडले. विष घातलेले नव्हते. काय करावे? (एक शेतकरी, बीड जिल्हा)

बहुतेक वेळा कारण दुसरे निघते : शेजाऱ्याने घातलेले विष, पाणी नसणे, उंदरांचा दुसरा एखादा आजार. पण तुमच्या जिल्ह्यात हा प्रश्न हलक्याने घेऊ नये. १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर पडक्या घरांत धान्य राहिले, उंदीर माजले, आणि १९९४ च्या ऑगस्टमध्ये बीड जिल्ह्यातल्या मामला गावात आधी पिसवांचा त्रास आणि मग गाठीच्या तापाचे रुग्ण दिसले. सुरतची साथ त्यानंतरच्या महिन्यातली.

मेलेल्या उंदरांना हात लावू नका. मुलांना, कुत्र्या-मांजरांना लांब ठेवा. प्राथमिक आरोग्य केंद्राला लगेच कळवा आणि तपासणीसाठी ते काही उंदीर नेणार आहेत का, ते विचारा. उचलायचेच झाले तर हातमोजे घालून लांब चिमट्याने, आधी त्यावर कीटकनाशक मारून, दुहेरी पिशवीत.

आता सर्वांत महत्त्वाचे, आणि सर्वांत जास्त चुकणारे. अशा वेळी उरलेल्या उंदरांना लगेच विष घालू नका. उंदीर मेले की त्यांच्या पिसवा मोकळ्या होऊन माणसांकडे वळतात. फलटणच्या वाचकांच्या प्रश्नात जे घडते, तेच आपण आपल्या हाताने घडवून आणतो. क्रम असा : आधी बिळांच्या तोंडाशी आणि उंदरांच्या वाटांवर पिसवा मारणारी कीटकनाशक भुकटी, आरोग्य खात्याच्या सांगण्याप्रमाणे, पिसवा कमी झाल्याची खात्री, आणि मगच विष किंवा सापळे. धान्य भिंतीपासून हातभर दूर, जमिनीपासून उंच फळ्यांवर ठेवा. पंधरा दिवसांत घरात कोणाला एकदम थंडी-ताप आणि जांघेत, काखेत किंवा मानेत दुखरी गाठ आली, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा आणि ‘उंदीर पडले होते’ हे वाक्य डॉक्टरांना स्वतःहून सांगा. ते सांगितले नाही, तर साध्या गाठीचे औषध मिळण्याचा संभव फार.

प्रश्न : ग्रामीण रुग्णालयात संशयित रुग्ण आला तर नमुना कसा घ्यायचा आणि कोणते औषध? आमच्याकडे पेनिसिलिनच जास्त असते. (एक परिचारिका, गडचिरोली)

पेनिसिलिनवर विसंबू नका. प्लेगमध्ये त्याचा भरवसा नाही. स्ट्रेप्टोमायसिन, जेंटामायसिन, डॉक्सिसायक्लिन, सिप्रोफ्लॉक्सासिन किंवा लिव्होफ्लॉक्सासिन ही उपयोगी औषधे, साधारण दहा ते चौदा दिवस. १९४० मध्ये हाफकिन संस्थेच्या सोखी आणि दीक्षित यांनी सल्फाची औषधे प्लेगवर चालतात हे दाखवले, तोवर रुग्णाच्या हाती खात्रीचे औषध नव्हते. उपचाराविना गाठीच्या प्लेगमध्ये निम्म्याच्या आसपास रुग्ण दगावत, फुप्फुसाच्या प्लेगमध्ये जवळजवळ सगळे. फुप्फुसाच्या प्लेगमध्ये पहिल्या चोवीस तासांतले औषधच जीव वाचवते, म्हणून अहवालाची वाट पाहत बसायचे नाही.

नमुना मात्र पहिल्या मात्रेच्या आधी घ्यायचा. गाठ सुरुवातीला टणक असते, नुसत्या सुईने काही येत नाही. डॉक्टरांनी १ ते २ मिलिलिटर निर्जंतुक सलाइन गाठीत सोडून तेच मागे ओढायचे. रक्ताची झाक आली की पुरे. गाठीला मोठी चीर द्यायची नाही. नमुना कॅरी-ब्लेअर माध्यमात (नमुना प्रयोगशाळेपर्यंत नेण्यासाठीच्या माध्यमात), सोबत रक्ताचे कल्चर, बाहेर तिहेरी आवरण आणि संशय काय आहे ते स्पष्ट लिहिलेले; म्हणजे प्रयोगशाळेतला माणूसही जपून उघडेल. काचपट्टीवर गिम्सा रंगात दोन्ही टोकांना गडद दिसणारे दंडाकृती जंतू संशय वाढवतात, पण निदान पक्के करत नाहीत. कल्चर ३७ अंशांना ठेवून चोवीस तासांत ‘वाढ नाही’ असे लिहून मोकळे होणे ही नेहमीची चूक. वसाहती पहिल्या दिवशी टाचणीच्या टोकाएवढ्या असतात. २८ अंशांनाही एक कल्चर ठेवावे आणि किमान ४८ तास थांबावे. एफ-वन प्रथिन ओळखणारी पट्टी पंधरा मिनिटांत उत्तर देते.

खोकला असेल तर रुग्ण वेगळा, त्याला मास्क, तुम्हालाही मास्क. औषध सुरू होऊन ४८ तास होईपर्यंत आणि प्रकृती सुधारेपर्यंत. अशा रुग्णाच्या दोन मीटरच्या आत वावरलेल्यांना प्रतिबंधक औषध द्यावे लागते. प्रौढांसाठी ते सहसा डॉक्सिसायक्लिन १०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, सात दिवस.

प्रश्न : आता लस घ्यावी का? (ठाणे)

नाही. मारलेल्या जंतूंची जुनी लस फुप्फुसाच्या प्लेगपासून राखत नाही आणि ती सर्वसामान्यांना देत नाहीत. एफ-वन आणि व्ही या दोन प्रथिनांवरच्या नव्या लसींच्या चाचण्या चालू आहेत. भारतात देखरेखीचे काम बंगळूरचे प्लेग देखरेख पथक करते. ते उंदीर आणि कुत्र्यांच्या रक्तात प्लेगविरुद्धची प्रतिपिंडे शोधते, म्हणजे माणसे आजारी पडण्याआधी सुगावा लागतो.